नेम शिकावयाचा कोठे?

मुलाला तालमीत घालताना बाप वस्तादाची कीर्ती विचारतो, हौद्यातील माती पाहतो आणि तेथे येणारी इतर मुले कोणत्या घरची आहेत याची हळूच चौकशी करतो. मुलीला गाणे शिकवावयाचे तर आई शिक्षिकेच्या जुन्या विद्यार्थिनींना गाठते. वाचनालयाची वर्गणी भरण्यापूर्वी आपण कपाटांवरून एक नजर फिरवितो. या निवडी करावयास कोणी शिकवीत नाही. पिढ्यापिढ्यांचे शहाणपण त्यामागे साठलेले असते. परंतु एखाद्या पांढरपेशा गृहस्थाने रायफल आणि पिस्तूल यांचा नेम शिकण्यासाठी एखाद्या रेंजचे सभासद होण्याचे मनात आणले, तर त्याने सल्ला कोणाचा घ्यावा? आजोबांच्या आठवणींत आणि मावशीच्या अनुभवांत या विषयावर एक अक्षरही सापडत नाही.

या अज्ञानाला इतिहास आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकीर्दीत शस्त्रांचा कायदा झाला आणि परवान्यावाचून हत्यार बाळगणे हा हिंदी माणसाचा गुन्हा ठरला. गोऱ्या माणसाला त्यातून सूट होती. पुढे राष्ट्रसभेने या कायद्याविरुद्ध पुनःपुन्हा ठराव केले, पण मध्यमवर्गाच्या घरातून बंदूक गेली ती गेलीच. ती उरली संस्थानिकांच्या शिकारकथांत, क्रांतिकारकांच्या चरित्रांत आणि पोलिसांच्या खांद्यावर. आमच्या घरात धार असलेली हत्यारे दोनच, विळी आणि अडकित्ता; पैकी दुसरे आजीबरोबर अडगळीत गेले. स्वातंत्र्यानंतर १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली, तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर होते. लोकसभेचे पहिले सभापती म्हणून त्यांचे नाव आपल्याला पाठ असते. वकिली, सार्वजनिक कार्य आणि सभागृहाची शिस्त यांत आयुष्य घालविलेल्या या सौम्य गृहस्थास नेमबाजीची संघटना उभारावीशी वाटली, ही गोष्ट मात्र मला पन्नाशी उलटल्यावर कळली. ती कळली तेव्हा मला बराच धीर आला, हे येथे नमूद करावयास हरकत नाही.

धीराची गरज होती. कारण मी या वाटेस गेलो तो शौर्याच्या उमाळ्याने नव्हे. गेली दोन वर्षे माझा उजवा हात थरथरतो. प्रथम ते फळ्यावर दिसू लागले. तीस वर्षे ज्या हाताने सरळ ओळी लिहिल्या, त्या हाताची अक्षरे कडेने झिरमिळू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, ज्याची आपल्याला भीती वाटते तो हा रोग नव्हे; हा नुसता कंप आहे, घराण्यातून आलेला. तो जीव घेत नाही, पण सोबत सोडीत नाही. फारच अडचण झाली तर एक औषध आहे, तेही त्यांनी सांगितले.

घराण्यातून आलेला, हे मला निराळे सांगावे लागले नाही. माझ्या वडिलांचा हात असाच थरथरत असे. निवृत्तीनंतर एकदा कोणाच्या तरी घरी त्यांच्या हातातील कपबशी खडखडली आणि चहा सतरंजीवर सांडला. यजमानांनी हसून वेळ मारून नेली. वडिलांनी मात्र त्या दिवसापासून परक्याकडे चहा घेणे सोडले. पुढे लग्नामुंजींची जेवणे सोडली, मग वाचनालयाच्या सभा सोडल्या. हातीपायी धडधाकट असलेला मनुष्य एका बशीच्या आवाजापायी आठ वर्षे घरात कोंडून राहिला. म्हणून डॉक्टरांच्या तोंडून 'कंप' हा शब्द ऐकताच मला हाताचे काही वाटले नाही, त्या आठ वर्षांचे वाटले.

अशा मनःस्थितीत असता एक जुना विद्यार्थी भेटावयास आला. तो विद्यापीठाच्या संघातून पिस्तूल चालवीत असे. बोलता बोलता मी त्यास म्हणालो, “तुम्हा लोकांचे हात कसे दगडासारखे स्थिर असतात रे!” तो हसला आणि म्हणाला, “सर, हात कुणाचाच स्थिर नसतो. आम्ही हलत्या हातानंच नेम मारायला शिकतो.” तो गेल्यावरही हे वाक्य माझ्यापाशी राहिले. महाविद्यालयात असताना छात्रसेनेच्या शिबिरात पालथे पडून मी पाच गोळ्या झाडल्या होत्या, एवढीच माझी या शास्त्रातील पूर्वतयारी. तरीही मी ठरविले की, ही विद्या शिकून पाहावयाची.

घरात अर्थातच खळबळ झाली. पत्नीचा पहिला प्रश्न मुद्द्याचा होता. “अहो, म्हणजे बंदूक घरात येणार?” कायद्याची पुस्तके उघडून मी तिचे समाधान केले. १८७८ चा कायदा जाऊन १९५९ चा आला, त्याखालील नवे नियम २०१६ साली झाले. त्या नियमांप्रमाणे हवेच्या दाबावर चालणाऱ्या साध्या रायफलीस व पिस्तुलास, त्यांच्या नळीचे माप .१७७ इंचांपेक्षा आणि छर्‍याची शक्ती २० जूलपेक्षा अधिक नसेल तर, परवाना लागत नाही. दारूच्या गोळीचे हत्यार, मग ते .२२ चे का असेना, परवान्यावाचून घरी ठेवता येत नाही. आणि नवशिक्याला तर घरी काहीच आणावे लागत नाही; रेंजवरचे हत्यार रेंजवरच राहते. “तिथंच राहू दे,” असे म्हणून तिने अनुमती दिली. आता रेंज शोधावयाची एवढेच काय ते उरले.

पुण्यात राहणाऱ्यास बालेवाडीचे नाव प्रथम आठवते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात मोठमोठे नेमबाज सराव करतात. परंतु माझ्या घरापासून ते अंतर रोज तोडणे म्हणजे नेमबाजीपेक्षा वाहने चुकविण्याची विद्या अधिक शिकणे होय. म्हणून मी जवळपासच्या जागा पाहावयास निघालो.

पहिली रेंज एका भव्य इमारतीच्या तळघरात होती. काचेचे दार, गार हवा, भिंतीवर पदके मिळविलेल्या मुलांची छायाचित्रे. टेबलाशी बसलेल्या तरुणाने माझ्यापुढे दरपत्रक सरकविले. तीन महिने, सहा महिने, वर्ष. जितके अधिक तितकी सवलत अधिक. लक्ष्यफलक विजेवर चालणारे होते. छर्रा कोठे लागला ते नेमबाजाच्या शेजारच्या पडद्यावर तत्काळ उमटे, तेही गुणांच्या दशांशासह. सामान उत्तम होते, यात शंका नाही. दहा मिनिटांच्या आत माझ्या हाती पिस्तूल आले. मी ते कसे धरले, त्याचे तोंड कोणाकडे होते, हे पाहावयास कोणास सवड नव्हती. शेजारच्या जागेवर एक मुलगा रायफल खाली ठेवून त्याच हातांनी वडापाव खात होता. छर्रे शिशाचे असतात आणि शिसे बोटांवरून पोटात जाते. रेंजवरून उठल्यावर हात धुतल्याखेरीज काही तोंडात घालावयाचे नाही, हा या क्रीडेतील पहिला धडा, असे त्या विद्यार्थ्याने मला आधीच सांगून ठेवले होते. येथे हात धुण्याची जागा विचारली तेव्हा तरुणाने वरच्या मजल्यावरील उपाहारगृहाकडे बोट दाखविले.

परंतु मला तेथून परत पाठविले ते काचेपलीकडे उभ्या असलेल्या पालकांनी. प्रत्येकाची दृष्टी आपल्या मुलाच्या पडद्यावर खिळलेली. आकडा नऊच्या खाली गेला की बापाचा चेहरा उतरे, आणि बापाचा चेहरा उतरला की मुलाचा पुढचा नेम अधिकच चुके. परीक्षेच्या निकालाचा दिवस मी तीस वर्षे दर साल एकदाच पाहत आलो. येथे तो दर मिनिटाला उगवत होता. माझ्या थरथरत्या हाताचा निकाल असा क्षणोक्षणी लागावा, ही कल्पना मला सोसवेना.

दुसरी रेंज गावाबाहेर होती. उघडे माळरान, ५० मीटरांवर मातीचा उंच बांध, कडेला बाभळी, आणि एका जुन्या कौलारू बंगलीत मंडळाची कचेरी. सभासदत्वाचा अर्ज दोन जुन्या सभासदांच्या शिफारशीने करावयाचा होता. तो रिवाज मला आवडला. हात धुवावयास नळ होता, कानांवर घालावयास कानटोप होते, आणि गोळ्या सुटत असताना रेषेपुढे कोणी पाऊल टाकीत नसे. मंडळी अगत्यशील, चहा फर्मास. दोष काढावयास जागा नव्हती. परंतु चहाबरोबर ज्या गप्पा चालल्या त्या ऐकता ऐकता मी अस्वस्थ होऊ लागलो. कोणाच्या घरात रात्री चोर शिरला होता, शिरल्यास काय करावे, कोणते हत्यार जवळ असलेले बरे, परवान्यासाठी अर्जात काय लिहावे, याचीच चर्चा तेथे रंगली होती. लक्ष्य म्हणून समोर कागद टांगलेला होता खरा. पण कित्येकांच्या मनात त्या कागदाच्या जागी एक अंधारातला मनुष्य उभा होता.

त्यांच्या भीतीला मी नावे ठेवीत नाही. भीती मलाही होती, तिचे रूप तेवढे निराळे. पण भीतीला खाऊ घालून वाढविण्याची जागा निराळी आणि तिची ओळख करून घेण्याची जागा निराळी. मला दुसरी हवी होती. मंडळींचे आभार मानून मी एस्. टी. पकडली.

तिसरी जागा एका शाळेच्या वरच्या मजल्यावरचे लांबट सभागृह होते. दहा मीटर अंतर, लोखंडी पेट्यांत अडकविलेले कागदी फलक, ते जवळ आणावयास दोरी व चक्र. एका बाजूस बेसिन आणि साबणाची वडी. शिकविणाऱ्या बाई चाळिशीच्या होत्या. मी सभासद व्हावयास आलो आहे असे म्हणताच त्यांनी विचारले, “सर, तासभर बसून बघता का? पैशांचं नंतर बोलू.” मी भिंतीलगतच्या बाकावर बसलो.

दहाबारा मुले-मुली आणि एक निवृत्त बँक कारकून, असा तो वर्ग होता. प्रथम माझ्या लक्षात आली ती शांतता. हवेच्या हत्याराचा आवाज मुळातच लहान, टिचकी मारल्यासारखा; आणि दोन टिचक्यांच्या मध्ये पुष्कळ वेळ काहीच घडत नसे. मग बाई म्हणाल्या, “स्टॉप!” तो शब्द त्यांनी मोठ्याने उच्चारला नाही. त्या क्षणी बारा बोटे चापावरून दूर झाली, हत्यारे टेबलांवर टेकली, नळ्यांची तोंडे फलकांकडेच राहिली, आणि प्रत्येकाने आपल्या नळीतून एक भडक रंगाची दोरी ओवून ती रिकामी असल्याची खूण केली. त्यानंतरच बाई पुढे गेल्या. हे सारे अर्ध्या मिनिटात झाले; पण पहिल्या जागी मला जे दिसले नव्हते ते सगळे त्या अर्ध्या मिनिटात होते.

थोड्या वेळाने मी आणखी एक गोष्ट पाहिली. बारा वर्षांचा एक मुलगा रायफल खांद्याला लावून बराच वेळ नेम धरीत होता. आता सुटेल, आता सुटेल, असे मला वाटत असता त्याने श्वास सोडला, रायफल खाली घेतली आणि छर्रा न झाडताच तो क्षणभर स्वस्थ उभा राहिला. बाई मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “छान. सोडलास ते बरं केलंस.” त्या संबंध तासात त्यांच्या तोंडून आलेली ती पहिली शाबासकी, आणि ती न झाडलेल्या गोळीबद्दल होती. मी उठून वर्गणी भरली.

पहिले तीन दिवस मला पिस्तूल मिळाले नाही. पायांत किती अंतर ठेवावे, वजन दोन्ही पायांवर कसे वाटावे, दोहोंपैकी कोणता डोळा बलवान आहे, हे पाहण्यात ते गेले. बाईंनी सुचविले की, वयाचा विचार करता रायफल सोपी पडेल. तिला दोन्ही हातांचा आधार असतो, जाड कोट असतो. मी माझ्या हाताची हकीकत सांगितली आणि विचारले की, असा हात असता पिस्तुलाचा नाद सोडावा काय? त्या म्हणाल्या, “रायफल सोपी म्हणून घ्या, सर. हात हलतो म्हणून घेऊ नका.” मी पिस्तूल घेतले.

दहा मीटरांवरील या दोन हत्यारांच्या मोजमापांत मोठी गंमत आहे. रायफलीच्या फलकावर दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर, म्हणजे आपण वाक्याच्या शेवटी टिंब देतो तेवढा. पिस्तुलाच्या फलकावर तो साडेअकरा मिलिमीटर असतो. नियम करणारे लोक कठोर असतात अशी आपली समजूत. पण एका हाताने धरलेले हत्यार हलणारच, हे जाणून त्यांनी त्या हातासाठी तेवीस पट रुंद जागा राखून ठेवली आहे. ही मोजमापे समजली त्या दिवशी कोणीतरी पाठीवर हात ठेवल्यासारखे मला वाटले.

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. अर्जुनास झाड दिसले नाही, पक्षी दिसला नाही, दिसला तो केवळ डोळा. एकाग्रतेचा हा पाठ मी स्वतः कित्येक वर्गांत दिला आहे. पिस्तुलाच्या बाबतीत मात्र बाईंनी तो उलटा करावयास लावला. पिस्तुलाच्या नळीच्या टोकास एक माशी असते आणि मागील बाजूस एक खाच. ती माशी स्वच्छ दिसली पाहिजे; समोरचा काळा गोल धूसर दिसला तरी चालेल, नव्हे, तो धूसरच दिसला पाहिजे. कारण मानवी डोळा जवळचे आणि लांबचे एकाच वेळी स्पष्ट पाहू शकत नाही, आणि खाच व माशी यांत केसभर तिरपेपणा आला तर दहा मीटरांवर त्याची चांगली बोटभर चूक होते. उलट माशी खाचेत नीट बसलेली असेल, तर सगळा हात थोडा इकडेतिकडे झाल्याने फारसे बिघडत नाही. म्हणजे पाहावयाचे ते लक्ष्याकडे नव्हे, आपल्या हातातील वस्तूकडे. माझ्या चाळिशीच्या चष्म्यास हे मोठे संकट होते. हाताच्या अंतरावर दिसेल अशी निराळी काच मला करून घ्यावी लागली.

आणि चाप! हवेच्या पिस्तुलाच्या चापास निदान ५०० ग्रॅमचा भार सोसला पाहिजे, असा स्पर्धेचा नियम आहे. हे अर्धा किलो वजन बोटाने हळूहळू, वाढत्या दाबाने ओढावयाचे. हात हलत असताना, माशी तरंगत असतानाच ओढीत राहावयाचे. हात स्थिर होईल त्या नेमक्या क्षणी झटका द्यावा असा मोह होतो, आणि नेम चुकतो तो त्या झटक्याने. थरथरीने तो फारसा चुकत नाही. विद्यार्थ्याच्या त्या वाक्याचा अर्थ मला सहा आठवड्यांनी बोटातून कळला. मोकळ्या पिस्तुलाने, छर्‍यावाचून, पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून शेकडो वेळा चाप ओढल्यावर कळला, हे सांगितलेले बरे.

डॉक्टरांनी सुचविलेल्या औषधाची हकीकत येथेच सांगतो. प्रोप्रॅनोलॉल हे त्याचे नाव. हृदयाचा वेग व हाताचा कंप दोन्ही ते कमी करते. याच कारणास्तव नेमबाजीच्या स्पर्धांत त्याला बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका पिस्तूलबाजास या औषधापायी मिळविलेली दोन पदके परत करावी लागली. म्हणजे जगातले उत्कृष्ट नेमबाजही ज्या गोळीच्या मोहात पडावेत, असा कंप त्यांच्याही हातात असतोच! स्पर्धेशी माझा संबंध नाही. उद्या कंप वाढला तर मी ती गोळी निःशंकपणे घेईन. परंतु इतक्या दिवसांत माझी आणि माझ्या हाताची जी ओळख झाली आहे, ती गोळीने झाली नसती, एवढे खरे.

नामवंतांची उदाहरणे या वयात उत्तेजन म्हणून पुरेशी असतात. हंगेरीच्या कारोय ताकाचचा उजवा हात १९३८ साली हातबाँबने निकामी झाला. त्याने डावा हात तयार केला आणि १९४८ व १९५२ या दोन्ही ऑलिंपिकांत पिस्तुलाचे सुवर्णपदक मिळविले. २०२४ साली पॅरिसला ५१ वर्षांचा तुर्की यूसुफ दिकेच एक हात खिशात घालून, नेहमीच्या चष्म्यातून पाहत, रौप्यपदकापर्यंत पोचला. त्याच पॅरिसला आपल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफलीत कांस्यपदक मिळविले. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या एकट्या खेळाडूच्या गळ्यात ऑलिंपिक पदक पडले, ते पुन्हा कोल्हापूर परिसरास सोडवून नेलेच नाही! तेजस्विनी सावंत २०१० साली जगज्जेती झाली, तीही कोल्हापूरचीच.

हल्ली मित्रमंडळींपैकी कोणी आपल्या मुलामुलींकरिता, क्वचित् स्वतःकरिता, मला रेंजविषयी विचारतात. मी त्यांना भिंतीवरील पदके मोजावयास सांगत नाही. पैसे भरण्यापूर्वी तेथे तासभर बसा, असे सांगतो. साबण आहे का पाहा. नळ्यांची तोंडे कोणीकडे आहेत ते पाहा. चहाच्या वेळी गप्पा कशाच्या चालतात ते ऐका. 'स्टॉप' म्हटल्यावर काय होते, आणि हत्यार खाली घेणाऱ्या मुलाकडे शिक्षक कोणत्या नजरेने पाहतो, हे विशेष लक्षपूर्वक पाहा. झाडावयास कोणीही शिकवील. न झाडावयास जेथे शिकवितात तेथे मूल निःशंकपणे पाठवावे.

माझी प्रगती विचाराल तर ती बेताचीच आहे. ६० छर्‍यांपैकी वीसबावीस काळ्या गोलात जातात, बाकीचे त्याच्या भोवताली फिरत राहतात. हात आहे तसाच थरथरतो. फळ्यावरील अक्षरांत विद्यार्थ्यांना काही फरक जाणवला असेल असे मला वाटत नाही. मात्र गेल्या महिन्यात एका स्नेह्यांच्या मुलीच्या साखरपुड्यास गेलो असता कपबशी हातात आली, तेव्हा ती नेहमीप्रमाणे खडखडली. दोघातिघांनी वळून पाहिले. मी पाहिले ते कपाच्या काठाकडे, आणि तो हळूहळू ओठांपर्यंत आणला. थोडा चहा बशीत सांडला होता; तो बशीतून प्यालो.